घडी मोडताना

तुळशीचं लग्न लागलं की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा नूर बदलतो. एरवी शाईचा डाग, उसवलेला काठ, काळवंडलेली जर असले प्रश्न असतात. आता सगळी पत्रं लग्नाची. यंदा त्यांत 'सस्टेनेबल' हा शब्द फार दिसला. एका मुलीनं तर 'स्लो फॅशन करायचीय' असं लिहून पुढं विचारलंय, 'पण काकू, म्हणजे नक्की काय करायचं?' माझ्या आजीच्या दोन्ही लुगड्यांना दंड घातलेला होता, म्हणजे विरलेला भाग काढून जोड दिलेला. आपण काही फॅशन करतोय असं तिला वाटलं नसावं. मी ३४ वर्षं सांगलीच्या गावभागात ८ बाय १०च्या खोलीत साड्यांचं रफू आणि ब्लाऊजची शिलाई करते. त्या खोलीतून जेवढं दिसतं तेवढंच सांगते.

प्रश्न : काकू, माझं लग्न माघात आहे. आजीचा लग्नातला नऊवारी शालू आईनं जपलाय. किरमिजी रंग, जर खरी आहे म्हणतात. पण मधे, बसायच्या जागी, पार विरलाय. नुसता उचलला तरी चर्रकन फाटतो. दारावर जुनी जर घेणारा आला होता, तो वजनावर साडेचार हजार देतो म्हणाला. आई म्हणते, देऊन टाक, वर थोडे घालून नवा घेऊ. मला तोच नेसायचाय. वेडेपणा आहे का? (होणारी नवरी, कराड)

उत्तर : वेडेपणा कसला! पण आधी त्या जर घेणाऱ्याचं सांगते, कारण त्याचा माल पुढं कुठं जातो ते मी लहानपणी बघितलंय. माझं माहेर विट्याजवळचं. आमच्या खानापूर-आटपाडीकडं पाऊस बेताचा, म्हणून गावंच्या गावं गलाईच्या धंद्यात गेली. सोनं-चांदी गाळायला माणसं देशभर पांगली. माझे वडील तमिळनाडूत, सेलमला. शाळेला सुट्टी लागली की आम्ही तिकडं. दुकानामागं पत्र्याची शेड होती, तिथं पोत्यानं जुन्या साड्या यायच्या, कांजीवरमच जास्त. काठ-पदर कात्रीनं कापून वेगळे करायचे आणि घमेल्यात पेटवायचे. रेशीम जळताना केस जळाल्यासारखा वास येतो. मे महिना म्हटलं की मला आंब्याच्या आधी तो वास आठवतो. राख टाकणखार घालून मुशीत वितळवली की तळाशी चांदीचा गोळा जमायचा. तो नायट्रिक ॲसिडात सोडला की चांदी विरघळायची आणि तळाला थोडी तपकिरी भुकटी उरायची, ते सोनं. नंतर त्याच पाण्यात तांब्याची पट्टी बुडवली की चांदी कापसासारखी तिच्यावर चढायची. एका साडीमागं सोनं म्हणशील तर चिमटीत धरायलाही मिळायचं नाही.

मी सातवीत असताना एका पोत्यात हिरवी साडी निघाली. तिच्या पदराला कुणीतरी रफू केलेलं होतं, इतकं बारीक की उलट बाजू उन्हात धरल्यावरच कळावं. ती ठेवून घ्या म्हणून मी वडिलांच्या मागं लागले. ते म्हणाले, "वजनात घेतलीय, गं." तीही जळाली. त्या धंद्यावर आम्ही चार भावंडं शिकलो, त्यामुळं मी त्याला नावं ठेवायची नाही. पण तो दारावरचा माणूस तुला चांदीचे पैसे देतोय. विणणाऱ्याच्या हाताचे आणि तुझ्या आजीचे त्यात एक रुपयासुद्धा नाहीत, हे आईला सांग.

आता कामाचं. जर खरी आहे का ते घरीच बघ. आतल्या शेवाकडनं जरीचा एक धागा काढ आणि नखानं खरवड. खऱ्या जरीत रेशमावर चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. तार लालसर निघाली तर आत तांबं, तिला बाजारात टेस्टेड म्हणतात. ज्योतीवर धरताच गोळा होऊन आखडली तर ते प्लास्टिक. तुझ्या आजीच्या काळातली आहे म्हणतेस, तर चांदी निघायची शक्यता बरीच आहे.

शालू मात्र नऊवारी नेसू नकोस. काष्ट्याचा ताण त्या रेशमाला आता सोसायचा नाही, बोहल्यावरच फाटेल. त्याची सहावारी कर. नऊवारी साधारण सव्वाआठ मीटर असते. मधला विरलेला दोन-अडीच मीटरचा भाग काढला तरी पावणेसहा-सव्वासहा मीटर उरतं. जोड मात्र मधोमध घालू देऊ नकोस. आतल्या शेवापासून एक मीटरच्या आत यायला हवा, म्हणजे पहिल्या वेढ्यात दडतो आणि निऱ्या-पदर अखंड राहतात. पूर्वी लुगड्याला दंड घालायच्या तो असाच. जोडाच्या मागं आणि जिथं जिथं रेशीम पातळ झालंय तिथं त्याच रंगाची नेट लावून घे. मधला काढलेला तुकडा रफूवाल्याकडं सोडून येऊ नकोस. त्यातले चांगले धागे रफूला लागतात, आणि काठ उरला तर ब्लाऊजच्या बाह्यांना होईल.

ब्लाऊज शिवताना माया, म्हणजे शिलाईच्या आतलं जादा कापड, भरपूर सोडायला सांग, दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच. हल्ली अर्धा इंचसुद्धा सोडत नाहीत. दुसऱ्या वर्षी ब्लाऊज अंगात जात नाही, मग ब्लाऊज नाही म्हणून साडी नेसत नाहीत. माझ्याकडं येणाऱ्या लग्नाच्या निम्म्या साड्या अशा मायेवाचून कपाटात पडलेल्या असतात.

प्रश्न : माझी पैठणी सहावारी आहे. २२ वर्षांपूर्वी येवल्याहून आणलेली. मुलीला लग्नात शिवलेली नऊवारी हवीय आणि ती म्हणते, 'आईच्याच पैठणीची शिवू, नवीन खरेदी नको, तेच पर्यावरणाला बरं.' कापायला माझा जीव होत नाही, पण पोरीचं म्हणणंही पटतंय. (एक आई, मिरज)

उत्तर : जीव होत नाही ना, मग कापू नका. मुलीचा हेतू चांगला आहे, हिशेब चुकलाय. साडेपाच मीटरात नऊवारी बसवायची तर साडीचे पाच-सहा तुकडे होतात. दोन पायांचे दोन, काष्ट्याचा एक, निऱ्यांचा वेगळा, पदर वरून जोडलेला. अशी वस्तू फक्त तुमच्या मुलीच्या आजच्या कमरेला बसते. साडीचं खरं कौतुक कुठलं, तर ती पाच फुटीलाही होते आणि साडेपाच फुटीलाही, बाळंतपणाआधी होते आणि नंतरही. तुम्ही २२ वर्षं नेसलात, ती पुढं तेवढीच नेसेल. कापली की ते संपलं.

हे मी शहाणपणानं सांगत नाही, केलेल्या चुकीवरून सांगते. २०११ साली एका मुलीसाठी तिच्या आईची राणी रंगाची पैठणी मी स्वतः कापली. लग्नात फार सुरेख दिसली, सगळ्यांनी माझा पत्ता विचारला. दोन वर्षांनी ती मुलगी पिशवी घेऊन आली, 'काकू, उसवून परत साडी करता येईल?' पदराला नारळी काठ, त्यावर मुनिया, म्हणजे पोपटांची नक्षी, आणि त्याच्या बरोब्बर मधून माझी कात्री गेलेली. दोन उशांचे अभ्रे आणि एक बटवा करून दिला. तिनं पैसे देऊ केले, मला घेववले नाहीत. त्यानंतर पैठणीला कात्री लावली नाही.

तुमच्या पैठणीची पाठ बघा. हाताची असेल तर पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, मागं दोरे लोंबत नाहीत, कारण प्रत्येक रंगाचा धागा शेजारच्या धाग्यात अडकवत विणलेला असतो. असा एकेक पदर विणायला विणकराला आठवडे लागतात, मोठ्या नक्षीला महिने. मुलीला ती पाठ दाखवा.

मग तिनं काय घालावं? विधींना शिवलेली नऊवारीच हवी असेल तर भाड्यानं आणा. साध्या सिल्कच्या, तीन-चार मापांत दोरीनं आवळायच्या असतात, वर्षात वीस नवऱ्या नेसतात, छान आहे. त्याहून बरं म्हणजे एखादी इरकल नऊवारी घ्या आणि नेसवायला गल्लीतल्या आजीला बोलवा. वीस मिनिटं लागतात. काष्टा सुटेल ही भीती खोटी. माझ्या सासूबाई नऊवारीत शेतात भांगलायच्या, त्यांचा कधी सुटला नाही. पैठणी संध्याकाळी स्वागत समारंभाला, सहावारी, अखंड.

प्रश्न : दुकानदारानं 'सिल्क मार्क आहे म्हणजे हातमागाचीच' असं सांगितलं. खरं का? (वाचक, सातारा)

उत्तर : नाही. सिल्क मार्क केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकारानं २००४ साली सुरू झाला, तो फक्त रेशीम शुद्ध आहे एवढं सांगतो. ते रेशीम यंत्रमागावर विणलेलंही असू शकतं. हातमागाचं चिन्ह वेगळं, हँडलूम मार्क, ते २००६चं. दोन्ही लेबलं मागा. दुकानदार वैतागला तर वैतागू दे, तुम्ही काही फुकट मागत नाही.

प्रश्न : हळदीच्या कार्यक्रमाला आम्ही बहिणी-बहिणी मिळून पांढऱ्या सुती साड्या घरीच हळदीनं रंगवणार आहोत. केमिकल नको. किती हळद लागेल? (पाच बहिणी, आटपाडी)

उत्तर : हळदच नको, पोरींनो! सांगलीत राहून मी हळदीच्या विरोधात बोलतेय, हळद बाजारात कळलं तर काही खरं नाही. इथल्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, हरिपूरच्या पेवांत ती वर्षानुवर्षं जमिनीखाली राहायची. जेवणात आणि अंगाला तिच्यासारखं काही नाही. रंग म्हणून मात्र ती बेइमान आहे. दोन-चार दिवस उन्हात वाळवली की साडी फिकी पडते. आणि साबण लागला की लाल होते. कुंकू कसं होतं आठवा, हळदीत खार मिसळूनच ना? तोच खेळ तुमच्या साडीवर पहिल्या धुण्याला होईल आणि ठिपक्याठिपक्यांनी होईल.

तुम्ही आटपाडीच्या. डाळिंबाच्या साली तुमच्याकडं उकिरड्यावर जातात. त्याच वापरा. एक सुती साडी साधारण अर्ध्या किलोची धरा. आधी गरम पाण्यात धुऊन तिची खळ काढा, नाहीतर रंग डागाडागानं बसतो. मग १०० ग्रॅम हिरड्याची पूड पाण्यात कालवून साडी त्यात रात्रभर. पिळून, सावलीत वाळवून, ७५ ग्रॅम तुरटी विरघळवलेल्या कोमट पाण्यात तासभर. तिसऱ्या दिवशी अर्धा किलो वाळलेल्या साली तासभर उकळा, गाळा, त्यात साडी घालून मंद आचेवर पाऊण तास हलवत राहा. थंड झाल्यावर त्याच पाण्यात रात्रभर ठेवली तर आणखी चढतं. पिवळा येतो, किंचित मेंदीकडं झुकलेला. लख्ख पिवळा हवा असेल तर सालींऐवजी झेंडूच्या पाकळ्या घ्या आणि हिरडा थोडा कमी करा. दसऱ्याचे, मांडवाचे हार टाकून देण्यापेक्षा पाकळ्या वाळवून ठेवायच्या.

लोखंडी घमेलं किंवा कढई चुकूनही घेऊ नका. डाळिंब आणि हिरडा लोखंडाला लागले की काळे पडतात. मी पहिल्यांदा केलं तेव्हा चुलत जावेच्या डोहाळजेवणाची साडी कोळशाच्या रंगाची झाली होती. तिनं ती नेसली, पण माझ्याशी महिनाभर बोलली नाही. स्टीलचं पातेलं घ्या, आणि लग्नाच्या आधी एक हातरुमाल रंगवून बघा.

प्रश्न : नवरदेवाच्या शेरवानीला १४ हजार सांगितलेत. घ्यावी का? (नवरदेवाची बहीण, फलटण)

उत्तर : भाड्यानं घ्या. पुरुष दुसऱ्यांदा शेरवानी घालत नाहीत. एक चांगला सुती किंवा टसरचा कुर्ता शिवा, तो दिवाळी-पाडव्याला निघेल.

प्रश्न : मुलाचं लग्न ठरलंय. मानाच्या साड्यांची यादी ६५ वर गेलीय, शिवाय टॉवेल-टोप्या वेगळ्या. मुलगा म्हणतो, हे सगळं कचऱ्यात जातं, बंद करा. भावकी म्हणते, रीत मोडू नका. मी मधे अडकलोय. (वरपिता, तासगाव)

उत्तर : भाऊ, यंदा आलेल्या पत्रांत तुमचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. नवरीच्या एका शालूवर लोक चर्चा करतात आणि मांडवाच्या कोपऱ्यात ६५ साड्यांचा ढीग असतो त्याकडं कुणी बघत नाही. दोन-अडीचशे रुपयांची पॉलिस्टरची साडी. घेणारी तिथंच कोपऱ्यातून किंमत बघते, घरी नेऊन पिशवीसकट वरच्या फळीवर टाकते आणि पुढच्या लग्नात दुसरीला देते. मागं माझ्याकडं एक मोरपंखी साडी फॉल-पिकोला आली. घडीवर पेननं लिहिलेलं नाव खोडून त्याखाली दुसरं, तेही खोडून तिसरं. तीन घरं फिरून आली होती आणि घडी एकीनंही मोडली नव्हती. शेवटी जिनं मोडली ती म्हणाली, 'कामवाल्या बाईला द्यायचीय.' त्या बाईलाही ती नको होती, हे मला माहीत आहे, ती माझ्या शेजारी राहते. तिला सुती हवी असते. पॉलिस्टरमध्ये घाम येतो आणि चुलीपुढं बसायची भीती वाटते. साडी वितळून अंगाला चिकटते. आणि जुनी झाली तरी तिची वाकळसुद्धा धड होत नाही, ऊब धरत नाही आणि सुई सरकते.

यादी घेऊन बसा आणि प्रत्येक नावापुढं एकच विचारा, ही बाई ही साडी नेसेल का? मुलाची मावशी, आत्या, सख्ख्या काकू, आजी. दहा-बारा नावं राहतील. त्यांना ऐपतीप्रमाणं खरी साडी द्या, आधी रंग विचारून. वयस्क बायकांना इरकल द्या. आपल्या सांगली-मिरजेकडं म्हाताऱ्या बायकांना तिचं अप्रूप असतं. तिच्यात अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, सुती ठेवतात आणि पदरापुरता रेशमाचा ताणा मागावरच फासे घालून जोडतात, त्यामुळं महाग रेशीम लागतं तेवढंच लागतं आणि अंगाला सूत. तो लाल-पांढरा टोपपदर लांबून ओळखू येतो. बाकी ५०-५५ जणींना अर्धा-अर्धा किलो बेदाणा. तासगावच्या माणसानं आहेरात पॉलिस्टर वाटावं आणि बेदाणा मुंबईला पाठवावा, हे मला कधी समजलेलं नाही.

भावकीशी वाद घालू नका, यादी आत्यांच्या हातात द्या. मान कुणाचा किती हे त्याच ठरवतात, त्यांनीच कमी केला तर कुणी बोलत नाही. टोप्यांचं मला काही सांगता येणार नाही, ते पुरुषांनी बघावं.

प्रश्न : आमचं घर सांगलीवाडीत. ऑगस्ट २०१९च्या पुरात लोखंडी कपाट सहा दिवस पाण्यात होतं. माझा लग्नातला शालू खालच्या कप्प्यात होता. पाणी ओसरल्यावर गच्चीवर वाळवला, पिशवीत भरला, तो आजपर्यंत उघडला नाही. आता धाकटीचं लग्न आहे. परवा पिशवी सोडली. कडक झालाय, डाग आहेत, काठ काही ठिकाणी हिरवा पडलाय. पदर त्यातल्या त्यात बरा आहे. टाकवत नाही आणि बघवतही नाही. काही होईल का? (आई, सांगलीवाडी)

उत्तर : ताई, त्या वेळी आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, आमच्या गल्लीत होडी फिरत होती. दुकानात गिऱ्हाइकांच्या ११ साड्या होत्या, त्या मी माळ्यावर टाकून निघाले. माझी स्वतःची ट्रंक खालीच राहिली. तिच्यात काय काय होतं ते सांगत बसत नाही, तुम्हाला माहीतच आहे.

काठ हिरवा पडलाय म्हणजे जरीत तांबं आहे, टेस्टेड जर. चांदीची असती तर काळी पडली असती. म्हणजे जर घेणाऱ्यालाही त्याचा फारसा उपयोग नाही, तो मोह तरी टळला. हिरवा पडलेला काठ परत पिवळा होणार नाही. ब्रासो, चिंच, लिंबू काहीही लावू नका, बायका लावतात आणि शेजारचं रेशीम जाळून घेतात.

अख्खा शालू नेसता येणार नाही, हे सरळच सांगते. सहा दिवस गाळात राहिलेलं रेशीम आतून कमकुवत झालेलं असतं. आज उभं राहील, खांद्यावर पिन लावली की तिथून जाईल. पण पदर बरा आहे म्हणता, तर सव्वा मीटर तरी मिळेल. त्याचा मुलीसाठी शेला होईल, खाली खादीचं किंवा मलमलचं अस्तर देऊन, म्हणजे वजन अस्तर पेलेल. ते जमलं नाही तर अंतरपाटाच्या मधोमध बसवू. तुमच्या शालूच्या पदराआड तुमची मुलगी उभी राहील आणि त्यावर ताणही यायचा नाही. अंगातला जो भाग धड निघेल त्यातून मुलीच्या ब्लाऊजच्या बाह्या बघू. हे सगळं कापड हातात घेतल्याशिवाय ठरत नाही, म्हणून घेऊन या.

आणताना धुऊन आणू नका. इस्त्री तर अजिबात नको, गाळाचा डाग गरम केला की कायमचा बसतो. सावलीत पसरा, पूर्ण कोरडा होऊ द्या, मग दाढीच्या मऊ ब्रशनं एकाच दिशेनं वरची माती झाडा. रिठ्याचं पाणी लावायचं की नाही ते मी कोपऱ्यात बघून ठरवीन. घडी घालू नका, जुन्या धोतरात गुंडाळून वळकटी करून आणा. त्या शालूच्या ब्लाऊजचा खण कुठं उरला असेल तर तोही सापडतो का बघा, पुरात न भिजलेला मूळ रंग तेवढाच असेल, मला धागा जुळवायला लागेल. सोमवारी दुकान बंद असतं.